हळकुंडाची गाठ

माझं लग्न तीनदा ठरलं, आणि तिन्ही वेळा नवरा तोच होता.

हरिपुरातल्या बायकांना याची भारी गंमत वाटायची. मंगल कार्यालयाचा मॅनेजर तर मला लांबून बघितलं तरी ओरडायचा, "काय ईश्वरीताई, पुढची तारीख कधीची टाकू?" मीही कमी नाही. "टाका कुठलीही, फक्त पेन्सिलनं टाका," म्हणायचे आणि गाडी पुढं काढायचे. आमचे अण्णा म्हणायचे, लग्न पाहावं करून म्हणतात, आपण तर नुसतं ठरवूनच दमलो.

नवरा म्हणजे संग्राम, आमच्या मागच्या गल्लीतला. सांगलीच्या हळदीचं नाव सगळीकडे आहे, पण ती हळद पूर्वी साठवायचे ती आमच्या हरिपुरात. जमिनीत खोल खड्डे, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. त्याला पेव म्हणतात. पुरानं बहुतेक पेवं बुजली, आमच्या खळ्याच्या कडेचं एक राहिलं. बंद पेवात हवा कोंडून विषारी होते, म्हणून उघडल्यावर आधी दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. लहानपणी ती दोरी धरायचा मान संग्रामचा. तोंडापाशी पालथा पडून तो आत बघायचा आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "अण्णा, दिवा जळतोय! उतरा!"

मोठेपणी ती आमची खूण झाली. फोन लागला की मी विचारायचे, "दिवा जळतोय?" तो म्हणायचा, "जळतोय, उतर." मग गप्पा सुरू.

संग्राम तिकडे होता. त्या देशाचं नाव आमच्या दोन्ही घरांत कुणी घेत नव्हतं. नाव घेतलं की व्हिसा अडतो, असं काकींचं मत. काकी म्हणजे संग्रामची आई. तिकडे तो रस्त्यावरचा बर्फ हटवणारी यंत्रं सांभाळायचा. साखरपुडा करून परत गेला आणि त्यानं माझ्यासाठी जोडीदार व्हिसाचा अर्ज टाकला. अर्ज चालू असताना त्यानं देश सोडला तर अर्ज बाद. म्हणजे व्हिसा आल्याशिवाय नवरदेव येणार नाही, आणि नवरदेवाशिवाय लग्न कसं लावणार?

पूर्वी म्हणे सोबतचे फोटो आणि फोनवरच्या गप्पा दाखवल्या की काम व्हायचं. मग संगणक असले काही हुशार झाले की कधीही न भेटलेल्या दोन माणसांचे दहा वर्षांचे फोटो चहाला उकळी फुटायच्या आत तयार व्हायला लागले. खोट्या लग्नांचं नुसतं पेव फुटलं. शेवटी त्या देशानं ठरवलं, माणसाला जागेपणी विचारायचंच नाही. झोपेत विचारायचं.

सांगलीत विश्रामबागच्या व्हिसा केंद्रात तांबोळी मॅडमनी आम्हाला ते समजावून सांगितलं. रुबीना तांबोळी, वयानं माझ्याएवढीच बाई, पण बोलणं शांत. तिच्या हातात कपाळाला बांधायची एक मऊ पट्टी होती.

"आपण एखाद्या जागेत फिरतो तेव्हा मेंदूतल्या काही पेशी ठरलेल्या ठिकाणीच जाग्या होतात. उंबऱ्यापाशी एक, ओट्यापाशी दुसरी. म्हणजे डोक्यात त्या घराचा नकाशाच असतो. झोपेत तुम्ही त्या घरात गेलात की त्याच पेशी त्याच क्रमानं पुन्हा जाग्या होतात. ओळखीच्या माणसांचीही अशीच खूण असते. तुमचं स्वप्न आम्हाला दिसत नाही. तुम्ही कुठं होता आणि सोबत कोण होतं, एवढंच कळतं."

"काय करत होतो ते कळत नाही ना?" मी विचारलं.

"नाही."

"बरं झालं," अण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पट्टी बांधून मी आमच्या घरातून, खळ्यावरून हिंडले. संग्रामनं तेच, साखरपुड्याला आला तेव्हाच इथं आणि परत गेल्यावर आपल्या फ्लॅटमध्ये, करून ठेवलं होतं. आता एकमेकांचा अंगावर वापरलेला कपडा पाठवायचा होता. उशाशी एक छोटी डबी, तिच्यात कपड्याचा तुकडा. झोप गाढ झाली की डबी हळूच वास सोडणार. आवाजानं माणूस जागा होतो, वासानं सहसा होत नाही. वास नाकातून थेट आठवणींच्या कोठारात जातो आणि त्या माणसाला स्वप्नात बोलावून आणतो, असं मॅडम म्हणाल्या.

मी माझी रोजची ओढणी काढून दिली. पाकीट करायचं काम काकींनी हौसेनं घेतलं.

मग सुरू झाल्या आमच्या दुपारी.

आमची दुपार म्हणजे त्याची पहाट. स्वप्नं पहाटे दाट पडतात, म्हणून मला दुपारीच झोपायला सांगितलं होतं. मी मार्केट यार्डाच्या प्रयोगशाळेत हळदीचे नमुने तपासते. साहेबांच्या हातापाया पडून सकाळची पाळी घेतली. जेवण झालं की मी पट्टी बांधून माजघरात आडवी व्हायचे आणि अण्णा अंगणात जाऊन हळद पॉलिश करायचा ड्रम बंद करायचे. ऐन हंगामात! गडी विचारायचे, मालक, काय झालं? अण्णा म्हणायचे, "पोरगी नवऱ्याला भेटायला गेलीय. गप बसा जरा."

डोळे मिटले की खळं दिसायचं. आमचंच, पण कड नसलेलं. वाळत घातलेली हळद पार नदीपर्यंत, नदीच्याही पलीकडे. पायाखाली हळकुंडं खडखड वाजायची आणि तळवे ऊन व्हायचे. संग्राम समोरून यायचा, चपला हातात घेऊन. वरून काहीतरी भुरभुरत असायचं. बर्फच असावा, पण पिवळा, अंगावर पडला की कोमट लागायचा. आम्ही फारसं बोलायचो नाही. तो म्हणायचा, इथं मांडव घालू. मी म्हणायचे, इथं नको, इथं पाहुण्यांच्या पंगती. तो हात लांब करून दाखवायचा आणि तिथं खरंच पंगत बसलेली असायची, सगळ्यांच्या पानात पुरणपोळी. कधी आम्ही पेवात उतरायचो. आत अंधार नसायचा, मऊ पिवळा उजेड असायचा, आणि वरून कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत राहायचा.

जाग आल्यावर गालाला उशीच्या वळ्या आणि फोनवर संग्राम. "अगं, आज तू पेवात अडकलीस!" "अडकले कुठली, तूच वर खेचत नव्हतास!" स्वप्न अगदी तेच पडायचं असं नाही, पण जागा तीच असायची. किती सुखाचे दिवस होते ते! लग्नाआधी रोज नवऱ्याला भेटणारी हरिपुरातली मी पहिलीच, आणि तेही बापाच्या पहाऱ्यात.

आत्या केळवणाला बोलवायला लागली. काकींनी रुखवताचं काढलं. मी साड्या बघायला लागले. अण्णा मात्र म्हणाले, "ईशे, अर्ध्या हळकुंडानं पिवळी होऊ नकोस. कागद हातात येऊ दे."

कागद आला. नकार.

मॅडमनी मला आणि काकींना पडद्यावर नकाशा दाखवला. "तुमच्या नात्याबद्दल शंकाच नाही. इतकी घट्ट जोडी मी बघितलेली नाही. पण हे बघा, दोघं भेटता कुठं? खळ्यावर. दर वेळी. संग्राम एकदाही त्याच्या फ्लॅटमध्ये झोपेत गेलेला नाही. त्यांचं म्हणणं, जो माणूस बायकोला बोलावतोय, तो स्वतःच मनानं इथं राहत नाही. मग बायकोला कुठं ठेवणार?"

"स्वप्नात माणूस माहेरी जातोच की हो," मी म्हटलं.

"जातो. पण रोज?" मॅडमनी जरा विचार केला. "डबीत कपड्याशिवाय काही घातलं होतं का?"

मी काकींकडे बघितलं. काकींनी पदर तोंडाला लावला.

"नुसता कपडा कसा पाठवायचा गं बाई?" त्या हळूच म्हणाल्या. "होणाऱ्या सुनेचा कपडा. कोरा पाठवला तर अशुभ नाही का? मी आपली टोकाला गाठ मारली. हळकुंडाची. पेवातल्याच."

झालं! ईश्वरीचा म्हणून जो वास त्याच्या उशाशी सुटत होता, तो हळदीचा होता. तो वास त्याला धरून थेट आमच्या खळ्यावर आणून सोडत होता. तांबोळी मॅडमसुद्धा हसायला लागल्या. काकी मात्र रडल्या. "माझ्या हातानं पोराचा संसार अडवला," एवढंच म्हणत राहिल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पण खरं सांगते, मनातून अशी चिडले होते! पहिली ठरलेली तारीख गेली.

पुन्हा अर्ज. पुन्हा कपडा. या वेळी मी स्वतः ओढणी नुसत्या साबणानं धुतली, दोन दिवस अंगावर घेतली आणि पाकीटही माझ्याच हातानं बंद केलं. काकी दारात उभ्या होत्या. हात नुसते एकमेकांवर चोळत होत्या.

त्या दुपारी मी खळ्यावर गेले. हळद होती, ऊन होतं, संग्राम नव्हता. दुसऱ्या दिवशी नव्हता. नंतर मी खळ्यावर बसून राहायचे, पिवळा बर्फ पडत राहायचा, मांडव अर्धा उभारलेला असायचा आणि त्याच्या खांबाला टेकून मी संग्रामची वाट बघायचे. जाग आली की उशी ओली.

"तुला काय दिसतं?" मी फोनवर विचारलं.

"फ्लॅट. मी फ्रिज उघडतो, बंद करतो. खिडकीतून बघतो. कुणीच नसतं गं."

दुसरा निकालही नकाराचाच. संग्राम तिकडे राहतो, हे मान्य. पण त्या घरात ईश्वरी नाही; हळदीशिवायचा माझा वास त्याच्या डोक्याला ओळखताच आला नव्हता. दुसरी तारीखही गेली. मला त्या सरकारचा इतका राग आला की मी केंद्रातच मोठ्यानं म्हणाले, "मग काय आता हळद पिऊन गोरी होऊ?"

मॅडम म्हणाल्या, एक उपाय नियमात बसतो. त्याला 'वळण' म्हणतात. झोपेत खळ्याची आठवण उघडली की लगेच तिच्यावर फ्लॅटची आठवण आणून ठेवायची, सोबत माझा फोटो, माझा आवाज. रोज. आठवण पुसली जात नाही, पण तिच्याकडे जायची वाट बुजत जाते आणि दुसरी वाट रुळते.

"आणि बुजलेली वाट परत सापडते?"

"काहींना सापडते. काहींना नाही," त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या म्हणून मला जास्तच भीती वाटली.

मी संग्रामला म्हणाले, थांब, विचार करू. तो कसला थांबतोय! उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. त्यानं त्याच आठवड्यात वळण सुरू केलं, आणि मला सांगितलं ते नंतर. त्याचा आवाज खुशीत होता. "अगं, आज तू आलीस फ्लॅटवर! खिडकीत उभी होतीस, बर्फ बघत."

"कुठल्या रंगाचा बर्फ?"

"पांढरा. बर्फ कुठल्या रंगाचा असतो?"

मी विषय बदलला.

तिसरी तारीख ठरली. आमच्या घरची रीत अशी की पोरीच्या लग्नाची हळद पेवातली. अण्णांनी पेव उघडायचं ठरवलं. मी फोनवर उत्साहानं सांगत होते, हळदीचा मांडव खळ्यावर घालू, पोरं पेवाकडे जातील म्हणून फळ्या टाकू. तो हं हं करत होता. बोलता बोलता मी सवयीनं म्हणाले, "दिवा जळतोय?"

"कसला दिवा?"

मला वाटलं चेष्टा करतोय. "संग्राम, पेवात उतरायच्या आधी काय करायचं?"

तो विचार करत होता. मला ते ऐकू येत होतं. मग म्हणाला, "शिडी लावायची ना?"

हरिपुरातलं शेंबडं पोर हे सांगेल. आणि ज्यानं दोरी धरली, त्याच्या डोक्यातून दिवा गेला होता.

"बंद कर ते वळण. आत्ताच्या आत्ता."

"आता? निकाल तोंडावर आलाय ईशी. सगळं तुझ्यासाठीच चाललंय. तू इकडं यावीस म्हणून."

"मी येईन रे. पण येईन ती कुणाकडं? ज्याच्याशी माझं लग्न ठरलंय, तो तर खळ्यावर येत नाही!"

आम्ही खूप भांडलो. त्यानं फोन आपटला, मी परत लावला, मग मी आपटला. अण्णा दाराशी येऊन डोकावून गेले. संध्याकाळी त्याचा फोन आला, आवाज बारीक. "बंद केलं. मलाही भीती वाटली. मला तुझ्या दारातलं झाड आठवेना." त्यापुढं आम्ही दोघंही रडलो.

आणि नशीब बघा, वळण बंद केल्यावर पंधरवड्यात व्हिसा आला. तोवरच्या नोंदी पुरेशा होत्या. मी फ्लॅटमध्ये होते, खिडकीपाशी, अगदी शहाण्यासारखी. काकींनी देवापुढं साखर ठेवली. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरनं या वेळी शाईनं नाव लिहिलं. फक्त मलाच आनंद होईना. मी अण्णांना सांगितलं, "तो आला आणि त्याच्यात तो नसला, तर मी लग्न करणार नाही. कागद असला तरी नाही."

अण्णांनी मला समजावलं नाही. "बघू," म्हणाले. "पेवाचं तोंड उघडल्याशिवाय आत काय आहे ते कुणाला कळतंय?"

संग्राम हळदीच्या आदल्या दिवशी आला. तसाच होता, थोडा गोरा झालेला. सगळ्यांच्या पाया पडला, मला बघून हसला, पण खळ्यावर आला तेव्हा पाहुण्यासारखा चालला. चपला न काढता. मी बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यालाही कळलं असावं. "ईशी, मला सगळं माहीत आहे गं. फक्त आठवत नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आमच्याच खळ्यावर त्याला हळद लागली. आमच्याकडे आधी नवऱ्याला लावतात आणि त्याची उष्टी हळद नवरीकडे येते. मी आत पाटावर बसून वाट बघत होते. काकी वाटी घेऊन आल्या, त्याच्या अंगाची हळद माझ्या गालाला लावली, आणि कानात म्हणाल्या, "जरा इकडं ये बघू."

नवरीनं पाटावरून उठायचं नसतं. मी उठले.

पॉलिशच्या शेडमध्ये थंड फरशीवर संग्राम झोपला होता. प्रवासाचा शीण, त्यात ऊन, आणि अंगभर पेवातली हळद. पट्टी नाही, डबी नाही. त्याचे पाय हलत होते, चटका बसल्यावर माणूस उचलून टाकतो तसे. तापल्या हळदीवरची ती चाल मला माहीत होती. मी खाली बसले. त्याची उजवी मूठ काहीतरी धरल्यासारखी आवळलेली होती आणि हळूहळू सैल होत होती. सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल, दोरी सोडावी तशी.

मग तो झोपेतच ओरडला. बारक्या पोराच्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असा.

"अण्णा, दिवा जळतोय! उतरा!"

अंगणात अण्णांच्या हातातलं ताट खाली पडलं. मी माझा पिवळा हात त्याच्या मुठीत दिला आणि रडले, मोठ्यानं, सगळ्यांदेखत. तो दचकून उठला. "काय झालं? मी कुठं होतो?"

"घरी," मी म्हटलं. "उठ आता, उद्या लग्न आहे."

लग्न झालं. निघायच्या आदल्या दिवशी तांबोळी मॅडम भेटायला आल्या. वर्षानं पुन्हा एकदा तपासणी असते, त्यांनी आठवण करून दिली, दोघं पुन्हा खळ्यावर सापडलात तर व्हिसा धोक्यात. मी विचारलं, "एक वास एकाच जागेचा असतो का? दोन जागांना जोडता येत नाही?"

"येतो की. पण यंत्रानं नाही. तिथं रोज राहून, स्वयंपाक करून, भांडून. वेळ लागतो."

"वेळच आहे आमच्याकडे," संग्राम म्हणाला.

मॅडम गेल्यावर काकी माझी बॅग भरायला बसल्या. ओढणी हातात घेऊन नुसत्याच बसल्या होत्या. हळकुंड शेजारी होतं, पण हात पुढं जात नव्हता. एकदा माझ्याकडे बघत होत्या, एकदा व्हिसाच्या पाकिटाकडे.

"बांधा काकी," मी म्हटलं. "आणि दोन बांधा. एक त्याच्या उशीला पण लागेल."